अप्पांनी भिंग लावलं न्हाई तो दिवस

पहिलं कबूल करून टाकतो, मंग पुढचं लिहायला हात मोकळा होईल. एका हंगेरियन शिपायाच्या पदकावर उठवलेला लोखंडी टोप मी कानशीनं घासून काढला. दुसऱ्या बाजूच्या दोन तलवारी बी घासल्या. ते पदक मला मन्मथअप्पांनी स्वतःच्या हातानं दिलेलं होतं. आन घासलेलं ते पदक मी दुर्मिळ माल म्हणून त्यांच्याच हातात नेऊन ठिवलं.

गौरवलेख असा सुरू करत न्हाईत, हे मला बी कळतंय. आपल्या लातूर-नांदेडच्या जुनी नाणी-पदकं जमवणाऱ्या मंडळानं अप्पांच्या पंचाहत्तरीच्या अंकासाठी मला बजावून सांगितलं होतं, 'बालाजी, पहिली भेट लिही, अप्पांचं काम लिही, स्वभाव लिही आन शेवटी शुभेच्छा दे. आगाऊपणा करू नको.' दहावीत दोनदा आपटलेल्या माणसाकडून लेख मागितला, ही मंडळाची चूक. मी आपला क्रम धरून लिहितो.

पहिली भेट. अप्पांचं लातूरच्या बाजारात, गोलाईजवळ वर्दीचं दुकान होतं. पोलीस, होमगार्ड, एनसीसी, वॉचमन, सगळ्यांचे पट्टे, टोप्या, बिल्ले, फिती तिथंच मिळायच्या. मी तिथं शिट्टी घ्यायला गेलो, पोलीसवाली. अप्पांनी चष्म्यावरून बघितलं.

"पोलिसात हायेस का?"

"न्हाई."

"मंग शिट्टी कशाला?"

"घरी म्हस हाय अप्पा. पळून जाती. हाक मारायला."

"म्हस शिट्टीवर येती?"

"हुशार हाय."

अप्पा हासले न्हाईत, पर शिट्टी दिली. त्या संध्याकाळी मी क्लासेसच्या रोडला कोपऱ्यावर लपून शिट्टी वाजवली की ट्रिपल सीट चाललेली पोरं गाड्या टाकून गल्लीत पळायची. लई मजा आली. तिसऱ्या वक्ताला खऱ्या पोलिसांनीच मागून माझी कॉलर धरली. ठाण्यात बसवलं. कुणीतरी अप्पांला सांगितलं आसंल, कारण घंटाभरानं अप्पा धोतराचा सोगा सावरत आत आले आन साहेबांला म्हणले, "शिट्टी मी इकली. मला बी बसवा ह्याच्या शेजारी." सगळं ठाणं अप्पांचं गिऱ्हाईक. साहेबांनी च्या मागवला. भाईर आल्यावर अप्पांनी मला एकच इचारलं, "म्हस आली का?"

तवापास्नं मी त्यांला सोडलं न्हाई. पुढं मी त्यांच्या समोरच फ्लेक्स, मोमेंटो आन निवडणुकीच्या बिल्ल्यांचं दुकान टाकलं. रोज दुपारी जेवण झालं की रस्ता वलांडून त्यांच्याकडं. गिऱ्हाईक नसायचं, पंखा कुरकुर करायचा आन अप्पा मखमलीचे ट्रे काढायचे.

हंगेरीचा नाद त्यांला कसा लागला, ते मंडळातल्या नव्या लोकांला म्हाईत नसंल. हैदराबादच्या जुन्या बाजारातून अप्पा पितळी बटनं पोत्यानं आणायचे. एका पोत्यात एक पदक निघालं. त्याची फीत सरळ लोंबत नव्हती, तिकोनी घडी घालून शिवलेली होती. वर रुंद, खाली टोक. अप्पांचा सगळा जन्म फिती शिवण्यात गेलेला. आपल्याकडं फीत अशी कुणी शिवत न्हाई, मंग ही कुणाची? तेवढ्या एका घडीपायी त्यांनी कुठं कुठं इचारलं, कुणाकुणाला फोटू धाडले आन शेवटी हंगेरीला पोचले. जायचं कवा झालं न्हाई. पर टोपीवरच्या बिल्ल्यावरून ही कुठली पलटण, ते आपल्याकडं दुसरं कोण सांगू शकतंय?

त्यांची पारखायची रीत ठरलेली. पदक हातात आलं की पहिलं पाठ बघायची. मंग कडी. मंग फितीचा दोरा. तोंड सगळ्यात शेवटी. आन कितीबी ओळखीचं असू द्या, भिंग लावल्याशिवाय अप्पा बोलायचे न्हाईत. एकदा आपले नांदेडचे एक मेंबर करड्या रंगाचा क्रॉस घेऊन आले. चांदीचा म्हणून घेतला आन जस्ताचा निघाला, म्हणून बेजार झालेले. म्हणले, "अप्पा, फसलो. फेकून देतो." अप्पांनी भिंगातून बघितलं आन म्हणले, "पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला हंगेरीच्या राजाकडं चांगला धातू उरलाच नव्हता, सगळा तोफांला गेला. मंग जस्त वाटलं. पर हे घरी बसून मिळत नव्हतं बाबा. बारा हप्ते, म्हणजी तीन महिने, लढाईच्या मोर्चावर काढले तर मिळायचं. चांदी न्हाई म्हणून त्याचे बारा हप्ते फेकून देतास का?" ते मेंबर आता तो क्रॉस देवघराशेजारी ठिवतेत.

स्वभावाबद्दल लिहायचं तर एक टोपीची गोष्ट लिहितो. मी एकदा गंमत म्हणून दुकानातली इन्स्पेक्टरची टोपी घातली आन आरशात बघून सलाम ठोकला. अप्पा कवा रागवत न्हाईत, त्या दिवशी काउंटरवर हात आपटला. "काढ! कमावली का तू?" तवा माझ्या ध्यानात आलं की अप्पा स्वतः बी कवाच टोपी घालून दाखवत न्हाईत. गिऱ्हाईकाला घडी दाखवायची झाली तर नारळावर चढवून दाखवतेत. उभी हयात वर्दी इकली, अंगाला एक पट्टा लावला न्हाई.

कामून, ते लई दिवसांनी सांगितलं. तरणे असताना अप्पा भरतीला नांदेडला गेले होते. छाती दोन बोटं कमी भरली. गावाकडं जाऊन दूध-दही खाल्लं, दंड काढले, पुढच्या साली परत गेले. परत दोन बोटं कमी. "वाढलीच न्हाई लेका," अप्पा म्हणले. "दम सारा आत होता, फुगून भाईर आलाच न्हाई." मंग वडलांनी दुकानात बसवलं. ज्या पोरांची छाती भरली, त्यांच्याच वर्द्या अप्पांनी शिवल्या.

आता त्या पदकाबद्दल. पहिल्या मोठ्या लढाईची याद म्हणून हंगेरीनं पदक काढलं. जे लढले, त्यांच्या पदकावर तलवारी आन टोप. पर जे लढायला मोर्चावर गेले न्हाईत, माघारी राबले, त्यांला बी त्या देशानं इसरलं न्हाई. त्यांला तसंच पदक दिलं, निस्तं टोप आन तलवारी सोडून. लढणाऱ्यांची पदकं अप्पांकडं ट्रेभर. बिनटोपाचं एक बी न्हाई. कुठल्या बी पोत्यात, कुठल्या बी पार्सलात पहिलं तेच हुडकायचे. न्हाई निघालं की ट्रेमधल्या एका रिकाम्या खड्ड्यावर बोट फिरवायचे आन म्हणायचे, "ज्यानं टोप घातला न्हाई त्याची बी कुणी आठवण ठिवली. निस्तं एकदा हातात धरायचंय बाल्या. बाकी काय न्हाई."

आमचा दोघांचा एक खेळ होता. मी खोटा माल आणायचा, अप्पांनी पकडायचा. हारंल त्यानं च्या पाजायचा. मी बँडवाल्याच्या कोटाची बटनं हंगेरीची म्हणून आणली. अप्पा म्हणले, "हे काल कुणाच्या वरातीत होते?" मी माझ्या मशीनवर बिल्ला पाडून चिंच-मीठ लावून शेणात पुरला. अप्पांनी निस्ता वास घेतला आन म्हणले, "म्हस आली वाटतं." सगळं दुकान हासलं. मी कवाच जिंकलो न्हाई. असाच एकदा हारल्यावर अप्पांनी ट्रेमधलं टोपवालं एक पदक माझ्या हातावर ठिवलं. "खरं कसं असतंय ते रोज बघ, म्हणजी खोटं आणायची लाज वाटंल. संभाळ बरं. ह्यात एक माणूस हाय."

मंग अक्कांनी, म्हणजी अप्पांच्या लेकीनं, त्यांला नांदेडला न्यायचं ठरवलं. गुडघे गेले होते, दुकानाच्या पायऱ्या होईनात. दुकान आवरायला काढलं. मला वाटलं, जायच्या आधी एकदा तरी जिंकावं. आन अप्पा फसतील असा माल माझ्याकडं एकच होता, खरा. मी तेच पदक शिकंज्यात धरलं आन टोप-तलवारी घासून बिनटोपाचं केलं. घासलेल्या जागेला रंग चढवला, धूर दिला. लाज वाटली न्हाई. खरं सांगतो, काम जमलं म्हणून मी शिट्टी मारली.

दुसऱ्या दिवशी दुकान निम्मं रिकामं. अप्पा खोक्यावर बसलेले. मी दस्तीत, म्हणजी हातरुमालात, गुंडाळलेलं पदक पुढं केलं आन तोंड सरळ ठिवून म्हणलो, "अप्पा, हे बघा बरं. एका भंगारवाल्याकडं गावलं."

अप्पांनी दस्ती उघडली. पदक पालथं केलं. टोपाच्या जागेवर अंगठा ठिवला. मी मनात म्हणलं, आता म्हशीचं नाव निघतंय.

भिंग त्यांच्या छातीवर लोंबत होतं. त्यांनी उचललं न्हाई.

अप्पांनी दोन्ही हातांनी पदक कपाळाला लावलं. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मंग म्हणले, "आता न्हाई बघत बाल्या. डोळे पुसून पुसून काय दिसणार? पंचाहत्तरीला बघीन. स्टेजवर, सगळ्यांसमोर भिंग लावीन आन मंडळाला दाखवीन. तवर निस्तं जवळ ऱ्हाऊ दे."

'अप्पा, खेळ हाय' असं म्हणायला मी तोंड उघडलं. भाईर आलं ते "हाव अप्पा."

ते पदक त्याच दस्तीत, बंडीच्या आतल्या खिशात घेऊन अप्पा नांदेडला गेले. समोरचं शटर बंद झालं. दुपारी जेवण झालं की माझे पाय अजून रस्त्यापातूर जातेत आन मंग माघारी येतेत. गिऱ्हाईक इचारतंय, "काय हुडकून राहिलास?" मी म्हणतो, "म्हस."

फोन अप्पांचाच येतोय. "तुझं टोपवालं पदक संभाळलास ना?" हाव अप्पा. "रोज बघतूस ना?" हाव अप्पा. मी एका माणसाचा टोप उतरवला, तो माणूस अप्पांच्या छातीजवळ बसलाय आन अप्पांला म्हाईत न्हाई. आन पंचाहत्तरीला अप्पा भिंग लावणार. घासून मोकळी केलेली जागा आन आधीपास्नं मोकळी असलेली जागा, ह्यातला फरक भिंगाखाली अप्पांला पापणी लवायच्या आत दिसंल. सगळ्या मंडळासमोर. आन ज्याची त्यांनी इतकी सालं वाट बघितली, ते त्यांच्या हातात कवा आलंच नव्हतं, हे त्यांला तिथंच, स्टेजवर कळंल.

म्हणून मी खरं हुडकायला लागलो. मोबाईलवर भाषा बदलून बदलून हंगेरीतल्या जमवणाऱ्यांला लिहिलं. बहुतेकांनी जबाब दिला न्हाई. एका म्हाताऱ्याला मी सगळी खरी गोष्ट लिहिली, घासल्याची बी. त्याचा जबाब आला की त्याच्याकडं बिनटोपाचं एक हाय, पर तो इकत न्हाई, बदल्यात देतोय. तुमच्याकडं निजामाच्या टायमाचं काय हाय?

आमच्या इस्लापूरच्या घरी पेटीत माझ्या पणज्याची चपरास होती. पणजा निजामाच्या जंगलखात्यात शिपाई. पट्ट्यावर लावायची ती पितळी पाटी, वर उर्दू अक्षरं. घरात ती कुणी बघत न्हाई, दसऱ्याला तेवढी पुजतेत. मी ती पुसून, दोन फडक्यांत गुंडाळून हंगेरीला धाडली. पणज्यानं कमावलेली होती, म्हणून धाडायच्या आधी एकदा सलाम केला. आमच्या दादांला, म्हणजी वडलांला, अजून म्हाईत न्हाई. दसरा यायचाय.

महिन्यामागं महिने गेले. म्हातारा खराच इमानदार निघाला. बिनटोपाचं पदक आलं, तिकोनी फितीसकट. मी मशीन बंद केलं, हात धुतले आन अप्पांसारखं पहिलं पाठ बघितली. टोपाची जागा मोकळी होती. कुणी मोकळी केलेली नव्हती. मला कवा न्हाई ते रडू आलं.

मंडळीहो, हा अंक तुमच्या हातात पडंल तवा तुमी हॉलमधल्या खुर्चीवर बसलेले असताल आन अप्पा स्टेजवर. पदक मोठ्या पडद्यावर दिसावं म्हणून कॅमेरा मीच लावलाय. अप्पा बंडीच्या खिशातून दस्ती काढतील आन कॅमेऱ्याखाली ठिवायला माझ्या हातात देतील. त्यांच्या हातापास्नं कॅमेऱ्यापातूर दोन पावलं हायेत. तेवढ्यात मला अदलाबदल करायचीये. माझ्या खिशात बी तशीच दस्ती हाय. घरी मी लई वेळा करून बघितलंय, बायको म्हणती दिसतंय. म्हणून इनंती हाय, त्या घडीला माझ्या हाताकडं बघू नका. अप्पांच्या तोंडाकडं बघा आन टाळ्या जोरात वाजवा.

अप्पा, तुमच्या प्रतीत हा लेख न्हाई. अंक मीच छापलाय, तुमच्या प्रतीत ह्या पानांवर जाहिराती हायेत. तरी इथं लिहितो. तुमचे गुडघे बरे होऊ द्या, नजर अशीच तेज ऱ्हाऊ द्या, शंभरी गाठा आन शंभरीनंतर बी पोतं उलटं करून हुडकत बसा. अक्कांनी तुमाला आठ दिवस का होईना लातूरला धाडावं. मी समोर पंखा लावून ठिवलाय. खुर्ची बी हाय. च्या माझ्याकडून, खेळ तुमीच जिंकला म्हणून.

घासलेलं पदक मी माझ्याकडं ठिवणार हाय. रोज बघणार हाय. कवातरी नांदेडला जाऊन, अप्पांच्या पायाशी बसून, माझ्याच तोंडानं सांगणार बी हाय. पर आज न्हाई. आज त्यांला ते निस्तं एकदा हातात धरू द्या.

म्हणून तुमच्या पाया पडतो मंडळीहो, अप्पांला सांगू नका. अक्कांला सांगू नका. आन इस्लापूरचं कुणी बसलं आसंल शेजारी, तर देवाची आण हाय, दसऱ्यापातूर आमच्या दादांला सुद्दा सांगू नका.