दोघांची नकल

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी मोताळ्याजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो आणि नकला करायचो. गॅदरिंगला बोलावलेला पाहुणा आला नाही की हेडमास्तर मलाच उभं करायचे.

अशाच एका गॅदरिंगला बुलढाण्याचे एक वकील आले होते. तिथल्या साहेबलोकांच्या क्लबाचे ते सेक्रेटरी. "रविवारी दुपारी या," ते म्हणाले. "पत्ते खेळून खेळून आमची मंडळी हसायचं विसरलीत."

क्लबात माझी रंगली ती एकच नकल. कचेरीत आलेला म्हातारा शेतकरी. तो डाव्या कानानं ऐकत नाही, म्हणून उजव्या कानामागे हात धरून पुढे वाकतो. साहेब काय म्हणाले ते कळत नाही, तरी "हाव जी, हाव जी" करतो आणि ओशाळून स्वतःच हसतो. पुण्याकडून बदलून आलेले अधिकारी "हाव जी" ऐकून टेबलावर थापा मारायचे. पुढे दर महिन्याला मला बोलावणं येऊ लागलं. म्हातारा मी कुठून आणला, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ते माझे वडील होते.

बाबा वांगी-मिरची लावायचे. शेतात जायची गाडीवाट शेजाऱ्यानं अडवली होती आणि त्यासाठी ते कचेरीत खेटे घालत होते. एका सोमवारी ते परत आले आणि पागोटं न काढताच माझ्यासमोर बसले.

"कचेरीतला चपराशी क्लबातबी चहा देते म्हणे. तो मले पाहून हासाले लागला. म्हणे, बाबा, एक मास्तर तुमची हुबेहूब नकल करते."

मी खाली पाहिलं.

"कर ना. मलेबी पाहू दे."

"राहू द्या, बाबा."

"काऊन? साहेबाले दाखोते, मले नाही?"

मी उभा राहिलो. हात कानामागे नेला, वाकलो, "हाव जी" म्हणालो. आई चुलीपाशी होती. तिला आधी हसू फुटलं, मग तिनं पदर तोंडाशी नेला आणि ती चुलीकडे वळली. बाबा मात्र शेवटपर्यंत बारकाईनं बघत होते, बैल पारखतात तसे.

"कान बराबर धरला," ते म्हणाले. "पण साहेब कुठी हाय याच्यात?"

"साहेब कायले पाहिजे?"

"त्या खोलीत आमी दोघं होतो बे. तू एकच केला."

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या खेपेला मी कचेरीत बाबांच्या मागे उभा राहिलो. साहेब फायलीत बघतच बोलत होते. पेनाचं टोपण लावायचे, काढायचे. "अर्ज द्या, बघू, पुढच्या आठवड्यात या." त्यांनी मान एकदाही वर केली नाही. बाबा कान पुढे करत होते, कारण साहेब बोलत होते ते टेबलाशी.

त्या रविवारी क्लबात मी दोघांना उभं केलं. म्हातारा आला तेव्हा हशा झाला. मग मी खुर्चीत बसलो, टोपण काढलं, लावलं, आणि टेबलाकडे बघत "बघू, बघू" म्हणालो. हशा विरत गेला. दाराशी ट्रे घेऊन उभा असलेला चपराशी तेवढा खुदकन हसला आणि लगेच आत पळाला. ते साहेब पहिल्या रांगेत, बायकोशेजारी बसले होते. बाई आधी नवऱ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांना हसू आवरेना.

"मास्तर, म्हातारा छान होता," निघताना वकीलसाहेब म्हणाले. "तेवढाच ठेवायचा होता." मला पुन्हा बोलावणं आलं नाही.

साताठ महिन्यांनी मोटार स्टँडवर ते साहेब भेटले. त्यांची बदली झाली होती, ट्रंकेवर बसून गाडीची वाट बघत होते. मी चुकवून जाणार होतो, पण त्यांनीच हाक मारली.

"आमची ही अजून घरी ते टोपण करून दाखवते," ते म्हणाले. हसले, मग थांबले. "तो म्हातारा खरा होता का हो?"

"माझे वडील. तुमच्याकडेच यायचे, वाटेच्या अर्जासाठी."

त्यांनी आठवून पाहिलं. खूप प्रयत्न केला, हे मला दिसत होतं. बाबांचा चेहरा काही त्यांना आठवला नाही. अर्जाचं काय झालं, तेही सांगता येईना. त्यांनी खिशातून कागद काढला आणि बाबांचं नाव, गाव लिहून घेतलं. तेवढ्यात गाडी लागली.

पुढल्या वर्षी वाट मोकळी झाली. बाबा म्हणायचे, त्या साहेबानंच जाता जाता काम केलं, मनानं चांगला माणूस होता. मला ते पटत नव्हतं. अर्ज आपल्या गतीनं सरकला असेल, असं मला वाटायचं. पण बाबांचं म्हणणं मी कधी खोडलं नाही. कारण त्या खोलीत समोरच्याला नीट पाहिलं होतं ते त्यांनीच. साहेबानं नाही, आणि बाबांनी विचारेपर्यंत मीही नाही.