यादीत चौदा नंबरला भांबुर्डा

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. आठवीनंतर माझी शाळा सुटली, अक्षर तेवढं बरं राहिलं. मोठे शब्द मला येत नाहीत. पण पुढे लिहिलंय ते सगळं माझ्यासमोर घडलंय, आणि कुठेतरी उतरवून ठेवलं नाही तर डोकं फुटेल अशी वेळ आलीय.

मी खालापूरकडच्या शिळफाट्याजवळ एका गोडाऊनमध्ये कामाला आहे. विमानप्रवासात हरवलेल्या बॅगा आमच्याकडे येतात. लोकांना वाटतं, अशी बॅग विमानतळावरच कुठेतरी पडलेली असते. तिथलं भाडं कोणाला परवडतंय? ज्या बॅगेची चिठ्ठी फाटली, जिला न्यायला कोणी आलं नाही, ती पांडूदादाच्या टेंपोत बसून खालापूर तालुक्यात येते आणि तीन महिने रॅकवर राहते. तीन महिन्यांनी बॅग जाते. तिचा किस्सा मात्र इथेच राहतो. आता आमच्याकडे बॅगांपेक्षा किस्से जास्त झालेत.

*

आधी यादीचं सांगतो, कारण माझी नोकरी त्या यादीवर आहे.

पहिले पाच दिवस बॅग उघडायची नाही. सहाव्या दिवशी दोघांनी कॅमेऱ्यासमोर उघडायची, आतली प्रत्येक वस्तू नंबर घालून लिहायची आणि खाली सही करायची. मालक सापडला की यादीप्रमाणे एकेक वस्तू त्याच्या हातात द्यायची. एक जरी कमी भरली तर सही करणारा घरी. विचारपूस नाही.

माझ्याआधी यादी विलास करायचा. त्याने एकदा लिहिलं, ‘मोजे, सात जोड’. मालकाला मिळाले साडेसहा. तक्रार आली, विलास घरी गेला. पुढच्या आठवड्यात त्याच मालकाचा मेल आला की मोजा बॅगेच्या अस्तरात सापडला, तसदीबद्दल क्षमस्व. मी तो मेल घेऊन सुपरवायझर साहेबांकडे गेलो.

साहेब म्हणाले, "मोज्याची केस बंद झालीय."

"आणि विलासची?"

"तीपण."

तेव्हापासून सही माझी. घरात आई आणि धाकटी बहीण, पगार माझा एकट्याचा. म्हणून मी मोजे तीनदा मोजतो. अस्तरात हात घालून मोजतो.

*

मालकांचे फोनही मलाच घ्यावे लागतात. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते.

"बॅग कशी होती, मॅडम?"

"काळी. चाकं आहेत."

रॅकवर काळ्या, चाकांच्या शंभरावर बॅगा. मी विचारलं, अजून काही खूण?

"अहो, बघितली की लगेच कळेल तुम्हाला."

शेवटी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन घेऊन रॅकसमोरून चालत गेलो. चार बॅगांना त्या ‘हीच, हीच’ म्हणाल्या. मी म्हटलं, आत काय काय होतं ते सांगा, मग कळेल. तर म्हणाल्या, "ते तुम्ही सांगा ना. उघडी तुमच्याकडे आहे."

माझ्याबरोबर शेवंताकाकी असतात. त्या खालापूरच्याच, माझ्या आईच्या वयाच्या. यादीच्या वेळी दुसरी सही त्यांची असते, पण जबाबदारी पहिल्या सहीची. काकी मागून म्हणाल्या, "दे रं तिला कुटलीबी. पोरगी खूश व्हईल."

दोन दिवसांनी बॅग सापडली. लाल होती.

मॅडम म्हणाल्या, "हां, काळी मागच्या वर्षी होती."

*

एका बंद बॅगेत गजर होता. रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वाजायचा आणि तीन मिनिटं वाजत राहायचा. परदेशातल्या कोणाची तरी सकाळ होत असणार. पाच दिवसांचा नियम, त्यामुळे उघडून बंद करता येईना. साहेबांनी मुंबईच्या ऑफिसला विचारलं. उत्तर आलं, ‘आवाजाची नोंद ठेवावी.’ मी वही घातली. तारीख, वेळ, सुरू, बंद.

सहाव्या दिवशी उघडणार, तर त्याच सकाळी मालक येऊन बॅग घेऊन गेला.

त्या दुपारी अडीच वाजले तरी शेवंताकाकी चहा ठेवीनात. मी आठवण केली तर माझ्यावरच डाफरल्या, "वाजलं कुठं अजून?"

*

कर्जतला फार्महाऊसवर बाहेरगावच्या लोकांची लग्नं लागतात. त्या गजराच्या आधी एका नवरदेवाची बॅग आमच्याकडे आली होती. कुठूनसं कळल्यावर लग्नाच्या सकाळी त्याचे मामा गाडी घेऊन थेट गेटवर आले. मामांना आतली बॅग दिसत होती.

"ती काय, हिरवी रिबीन. द्या, मी निघतो. साडेबाराचा मुहूर्त आहे."

मलाही रिबीन दिसत होती. पण गोडाऊनमधून प्रवाशाला बॅग द्यायची नाही, असा तेव्हा नियम होता. बॅग आधी विमानतळावर जाणार, तिथे शिक्का बसणार, मग घरपोच. मामांनी साहेबांपुढे हात जोडले, मग आवाज चढवला, मग परत हात जोडले. साहेब म्हणाले, "माझ्या हातात असतं तर."

बॅग होती साहेबांच्या हातात. ती त्यांनी पांडूदादाच्या टेंपोत ठेवली. दादा मुंबईला गेला, शिक्का घेतला, आणि घरपोचचीही पाळी त्याचीच असल्यामुळे तीच बॅग घेऊन कर्जतला आला. पंगत आइस्क्रीमपर्यंत आली होती. नवरदेवाने फार्महाऊसच्या मॅनेजरचा कोट घालून लग्न लावलं होतं.

मी विचारलं, "बॅग बघून नवरदेव खूश झाला असंल."

दादा म्हणाला, "नवरदेव कुठला? मॅनेजर झाला. त्याला कोट परत मिळाला."

या लग्नानंतर नियम बदलला. आता मालक गोडाऊनमध्ये येऊन बॅग नेऊ शकतो. मामांना कोणी कळवलं नाही.

*

एका कॉलेजच्या सरांची बॅग होती. आत नुसते दगड. मी यादी केली, ‘दगड, करडे, एकेचाळीस’. ऑफिसने परत पाठवली, ‘प्रत्येक वस्तू स्वतंत्र लिहावी.’ मग एक, दगड, करडा. दोन, दगड, करडा. असे एकेचाळीस. सर आले, सही केली, गेले. मी सुटलो.

आठ दिवसांनी कुरियर आलं. आत एक दगड आणि चिठ्ठी, ‘माझे चाळीस होते. हा आपला असावा.’

मोजताना दार वाऱ्याने आपटू नये म्हणून शेवंताकाकींनी अंगणातला दगड लावला होता. तोच. मी तो उचलून अंगणात टाकायला निघालो, तर साहेबांनी थांबवलं. कुरियरने आलेली वस्तू, तिची नोंद झालेली. मालक सापडेपर्यंत ठेवावी लागणार.

तो दगड आता रॅकवर आहे. त्याला चिठ्ठी लावली आहे.

*

आता भांबुर्ड्याचं.

जानेवारीत एक राखाडी बॅग आली. चिठ्ठी नाही, नाव नाही. सहाव्या दिवशी उघडली. शर्ट, पँट, इंजिनात काम करणारे घालतात तसला अंगभर डगला. वालाच्या शेंगांना बुरशी आली होती, खाण्याची वस्तू म्हणून त्या नियमाने लगेच टाकल्या. तेरा नंबरला बनियनमध्ये गुंडाळलेलं एक लहान मडकं, एका अंगाने चपटं. आणि चौदा नंबरला पाल्याची सुकलेली जुडी.

काकींनी वास घेतला. "भांबुर्डा. कोन रं ह्यो, इमानात बसून पोपटी लावायला चालला व्हता?"

पोपटी आमच्याकडे थंडीत शेताशेतावर लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मीठ, ओवा. मडकं उपडं घालायचं आणि वरून जाळ करायचा. मी लिहिलं, ‘चौदा, भांबुर्डा, एक जुडी’, आणि सही केली.

आमचे साहेब नांदेडकडचे. त्यांनी कॉम्प्युटरवर घातलं, ‘सुकलेला पाला, उग्र वास’. दोन दिवसांनी मुंबईहून ऑफिसर हजर.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, "भांबुर्डा."

"खातात?"

काकी म्हणाल्या, "खात नाय साहेब. जाळ करून..."

"ओढतात?"

काकींनी कपाळाला हात लावला. ऑफिसर म्हणाले, एक तर पोलिसांना कळवू, नाहीतर निर्धोक आहे असं सिद्ध करून दाखवा. काकी म्हणाल्या, "बसा दोन तास. दावते."

"पण हाच पाला वापरायचा," ऑफिसर म्हणाले. "दुसरा वापरला तर सिद्ध काय होणार?"

मी पुढे झालो. "साहेब, यादी..."

"यादीचं नंतर."

तेव्हाच मी मोठ्याने बोलायला हवं होतं. काकींनी घरून मडकं आणलं, शेंगा आणल्या. ऑफिसरांनी चार अंडी आणि दोन ताटल्या शेंगा खाल्ल्या, कागदावर ‘पाला तपासला, निर्धोक’ असं लिहिलं, उरलेलं डब्यात भरून घेतलं आणि गेले. अंगणात काळा राखुंडा राहिला. तो चौदा नंबर.

काकी म्हणाल्या, "मालक न्हाय गावला तर तू वाचलास. तीन मैन्यांनी बॅग जाईल, कोन विचारतंय?"

बरोबर होतं. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. पण ते चपटं मडकं मला दिसत राहायचं. असं मडकं कोणी उगाच करत नाही. रविवारी सुट्टी होती. मडक्याचा फोटो घेऊन मी कर्जतला एका कुंभाराकडे गेलो. त्याने दुसऱ्याकडे पाठवलं. दुसरा बघताच हसला.

"माझंच हाय. भिवपुरीकडची हिराबाई सुतळी घेऊन आली व्हती, बॅगेची खोली मोजून. म्हनली, येवढ्यात बसंल असं दे. पोरगा जहाजावर असतो तिचा."

मी तसाच भिवपुरीला गेलो. हिराकाकी शेतात होत्या. बॅग सापडली म्हटल्यावर त्यांनी मला खळ्यावर बसवून चहा पाजला. मुलाने तिकडे मित्रांना पोपटी खिलवायचं कबूल केलं होतं आणि बॅग पोचलीच नाही. मडकं फुटलं का, हे त्यांनी तीनदा विचारलं. पाला मीच खुडून दिला होता, असंही म्हणाल्या. मी चहा संपवला. सांगायचं होतं ते सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, "त्याचा संमतीचा कागद फोनवर मागवते आन परवा, मंगळवारी, अकराला येते."

सोमवारी मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "छान. यादी काढून ठेव."

"साहेब, चौदा नंबर तुमच्यासमोरच शिजला."

"माझ्यासमोर शिजला असं यादीत लिहिलंय का?"

"नाही."

"मग नियम तुला माहीत आहे."

मी बाहेर आल्यावर शेवंताकाकी म्हणाल्या, "येडा हायस का? कुटल्याबी बांधावर मिळतो. उपट आन टाक."

मला ते जमेना. त्या बाईचा चहा प्यायलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडूदादाची मोटरसायकल मागून घेतली आणि सात वाजता हिराकाकींच्या दारात उभा राहिलो. त्या चुलीपुढे होत्या. मी एका दमात सगळं बोललो. तुमचा भांबुर्डा मुंबईच्या साहेबांनी पोपटी लावून संपवला. यादीत तो कमी भरला तर माझी नोकरी जाते. तुमच्या बांधावरची एक जुडी द्याल का, बॅगेत ठेवायला? म्हणजे मग ती तुम्हाला परत देता येईल.

हिराकाकींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"शेंगा कुनाच्या व्हत्या?"

"शेवंताकाकींच्या."

"ओवा घातला व्हता?"

"घातला होता."

त्यांनी कोयता घेतला, बांधावर गेल्या आणि जुडी बांधून आणली. मग जुडी मांडीवर घेऊन माझ्यामागे गाडीवर बसल्या. गेटच्या अलीकडे उतरून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी आत जाऊन बॅगेत ठेवली. त्या अकरापर्यंत बाहेर झाडाखाली बसल्या.

अकराला साहेब यादी वाचत गेले आणि मी एकेक वस्तू टेबलावर ठेवत गेलो. तेरा, मडकं. हिराकाकींनी ते उलटसुलट करून बघितलं. चौदा, भांबुर्डा, एक जुडी.

साहेबांनी चष्मा वर केला. "तीन आठवडे झाले. हा अजून हिरवा कसा?"

हिराकाकींनी जुडी उचलली, नाकाशी नेली आणि पिशवीत घातली.

"आमच्या बांधावरचा हाय," त्या म्हणाल्या. "सही कुटं करू?"