आबांनी बांधलेली गाठ

अंबडच्या या मिस्त्रींकडे जीप नेली की ते आधी बॉनेट उघडत नाहीत. चपला काढून माझ्या शेजारी बसतात, अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर टेकवतात आणि म्हणतात, "चला." मी काही सांगू लागले की, "ताई, जरा गप ऱ्हाता का?" मला दर वेळी राग येतो.

माझे वडील, आबा, गेले आणि त्यांची जुनी जीप बिघडली. उभ्या जागी इंजिनाची रेस आपोआप वर-खाली व्हायची; रस्त्यात पाय दाबला की गाडी आचके द्यायची. घरात सगळे म्हणाले, भंगारात घाला; मी ती मिस्त्रींकडे नेली.

फेरी मारून आल्यावर मिस्त्रींनी डिझेलच्या लाइनीत पारदर्शक नळी जोडली. आत बुडबुडे पळत होते.

"कुठून तरी हवा घेऊन राह्यली," म्हणत त्यांनी जुना पाइप चाचपला. एका ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर सुतळी बांधलेली होती. बैलाच्या दाव्याला मारतात तशी गाठ.

"ही आबांची गाठ," मी म्हणाले.

मिस्त्रींनी गाठीवर ब्लेड चालवलं नाही. तिच्या दोन्ही बाजूंनी पाइप कापला, नवा बसवला. इंजिन एका लयीत चालू लागलं. मग तो जुना तुकडा फडक्यानं पुसून त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"लई दिवस वढलं हो हिनं. आता हिला घरी बसवा, पर जीप इकू नका."

चपला काढून ते शेजारी बसले. "चला."

त्या फेरीत त्यांनी मला गप राहायला सांगितलं नाही. गाठीचा तुकडा मांडीवर ठेवून मीही इंजिन ऐकत होते.