जसोदा सुईण प्रचारक झाली तेव्हा

कळसाडीच्या जसोदाबाईला दारूचा राग होता, दारू गाळणारीचा नव्हता. ती गावाची सुईण. गुजरांच्या माडीपासून भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतल्या, कुडाच्या घरापर्यंत कुठलंच दार तिला बंद नव्हतं. नवऱ्याची लाथ बसून पोटातलं पोर गेलेल्या किती बायांचं तिनं निस्तरलं होतं. तसा तेव्हा दारूबंदीचा कायदा होता. म्हणजे दारू मिळायची, फक्त पाठीमागच्या दारानं.

भिलाटीतली भुरीबाई मोहाची गाळायची. नवरा मेल्यावर तिचं घर त्याच भट्टीवर चाललं होतं. तिची दोन्ही पोरं जसोदाच्याच हातावर झालेली, थोरल्याचं नुकतंच लग्न झालेलं. वर्षभर जसोदा तिच्या मागं लागली. शहाद्याच्या बाजारात शेंगा भाजून विक म्हणाली, पहिली पाटी स्वतः डोक्यावर घेऊन तिच्याबरोबर चालत गेली. शेवटी भुरीनं भट्टी मोडली.

"तुन्हा शब्दवर सोडस," भुरी म्हणाली. "पन एक बाटली देवनी शे. पुरखास्ले धार टाकनी पडस. ती मी कनगीमा ठेवसू. कोनले सांगू नको."

"मी कोनले सांगू व माय?" जसोदा हसली. तिनं स्वतः कणगीतल्या ज्वारीत हात घालून बाटली खोल सरकवली.

त्याच साली खेड्यापाड्यांत दारूबंदीचे प्रचारक तयार करायला सरकारनं अनुदान दिलं. लांबच्या एका संस्थेनं ते घेतलं आणि शहाद्याला शिबिर मांडलं. चावडीवर नावं मागितली तेव्हा गडी माणसं जमिनीकडं बघायला लागली. जसोदा आपणहून पुढं झाली.

"तू बाईमानूस, तठे जाईसन काय करशी?" कुणीतरी खिजवलं.

"बायास्ना पोटमाईन पोरं काढस मी," ती म्हणाली, "आते गड्यास्ना पोटमाईन दारू काढसू!"

चावडी हसली, पण जसोदा खरंच गेली.

शिबिर चालवणाऱ्या प्रमिलाताई खादी नेसायच्या, हळू बोलायच्या. शिबिरात बाई म्हणून जसोदा एकटीच, म्हणून ताईंनी तिचं अंथरूण आपल्या शेजारी घातलं. आपल्या हातानं तिच्या ताटात भाकरी वाढली. चाळिशी गाठलेल्या जसोदाला आजवर कुणी असं आग्रहानं जेवू घातलं नव्हतं. ती ताईंवर जीव टाकायला लागली.

एके दिवशी ताईंनी प्रत्येकाला जमिनीवर आपलं गाव मांडायला लावलं. घर म्हणजे ज्वारीचे दाणे, आणि जिथं दारू गाळतात तिथं मोहाचं फूल. "आपल्याला या घरांना मदत करायची आहे," त्या म्हणाल्या. जसोदानं चौक भरावा तसं सुबक गाव मांडलं. भुरीच्या घरावर मात्र फूल ठेवलं नाही, तिनं भट्टी कशी मोडली ते सांगितलं.

"ही सुटली पूर्ण?" ताईंनी कौतुकानं विचारलं.

त्या माउलीपुढं अर्धं खोटं बोलायला जसोदाची जीभ वळेना. "सुटनी ताई. देवनी तेवढी एक बाटली कनगीमा ऱ्हास."

"देवाचं वेगळं," ताई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

जसोदा गावी परतली, आणि पाठोपाठ पोलिसांची जीप आली. जिथं जिथं फूल होतं तिथं तिथं थांबली. मग भुरीच्या दारात. तिथं कुणी चूल उकरली नाही, छप्पर चाचपलं नाही. शिपायानं सरळ कणगीत कोपरापर्यंत हात घातला.

भुरी रडली नाही, पाया पडली नाही. गर्दीत उभ्या जसोदाकडं तिनं एकदाच पाहिलं आणि जीपमध्ये चढली.

दुसऱ्या दिवशी जसोदा पायी शहाद्याला गेली. ताईंनी उठून तिला बसायला सतरंजी टाकली, चहा सांगितला.

"देवनं येगळं, असं तुम्हीनच सांगं ना ताई?"

प्रमिलाताई तिच्याजवळ सतरंजीवर बसल्या. "जसोदाबाई, पुढच्या वर्षीचं अनुदान हवं तर काम दिसायला लागतं. माणसाचं मन बदललं, ते वर कुणाला कसं दाखवू? धाड दिसते. आणि तुमचं नाव आम्ही कुठंच येऊ दिलेलं नाही. निश्चिंत राहा."

"मन्हं नाव कसाले लागी तिले? ती कनगी तिनी माले एकलीलेच दखाडेल व्हती."

"पुढच्या शिबिरात तुम्हीच शिकवायचं आहे," ताई म्हणाल्या. आवाज तसाच गोड होता. चहा आला तेव्हा जसोदा रस्त्याला लागली होती.

तीन महिन्यांनी भुरी तुरुंगातून सुटली. येताच तिनं भट्टी लावली, पहिल्यापेक्षा मोठी. जसोदा दोनदा तिच्या दारापर्यंत गेली आणि हाक न मारता मागं फिरली.

दिवाळीच्या सुमारास भुरीची सून अडली. निरोप आला तशी जसोदा धावली, मनात कुठंतरी हरखलीही. भिलाटीत पोचली तर भुरीनं खाट अंगणात काढलेली, भोवती काठ्या रोवून गोधड्या टांगलेल्या. सून आत कण्हत होती. घराचं दार ओढून घेतलेलं.

"भुरी, घरमा लई चाल तिले. वारा शे."

"आठेच कर."

"पोरले वारा लागी ना व!"

"लागू दे," भुरी म्हणाली. "वारा कोनले काही सांगस नही."

जसोदा गोधडीआड शिरली. उन्हं कलताना मुलगी झाली, रडकी, धडधाकट. भुरीनं नातीला पदरात घेतलं, सुनेला खांद्याचा आधार दिला आणि तिघी आत गेल्या. आतून कडी लागली.

जसोदा पुढं बरीच वर्षं सुईणपण करत राहिली. हात तिच्याएवढा हलका दुसरीचा नव्हता, त्यामुळं भिलाटीतून बोलावणं यायचं थांबलं नाही. पण ती येताना दिसली की माणसं आधी खाट बाहेर काढायची. पावसाळ्यातसुद्धा.