शिंगाड्याच्या बोडीत विमान

धुरपता नान्हे पंचेचाळिशीची, अंगानं काटक, आवाजानं खणखणीत. नवऱ्याचा, झिंगूचा, पाय अधू झाल्यापासून गावच्या बोडीतली, म्हणजे लहान तळ्यातली, शिंगाड्याची शेती तीच बघायची. लाकडी डोंग्यात बसून, बांबूनं रेटा देत वेलींतून वाट काढायची. बोडीपलीकडे वैमानिकांना शिकवायची लहानशी धावपट्टी होती. विमानं डोक्यावरून जात. धुरपता मानही वर करत नसे.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी आभाळ एकाएकी काळवंडलं. वारा असा सुटला की डोंगा जागच्या जागी फिरू लागला. ती काठाकडे वळली, तोच पावसातून एक विमान फारच खालून आलं. एक पंख कलला आणि धावपट्टी गाठायच्या आधीच ते बोडीत नाकावर आपटलं.

"धुरपता, मांगं फिर! पेट घेईन थे!" काठावरून झिंगू ओरडला.

ती फिरली नाही, तिनं डोंगा विमानाकडे रेटला. काठावरच्या दोघातिघांनी पाण्यात उड्या घेतल्या, पण वेलींनी त्यांचे पाय धरले. डोंग्याशिवाय तिथवर पोचणं शक्यच नव्हतं.

शिकवणारे साहेब मोडका हात छातीशी धरून पंखावर बसले होते. "ताई, माझं राहू द्या, आधी तिला काढा!"

आत विशीतली मुलगी पट्ट्यात अडकलेली, पाणी गळ्याशी. फुटलेल्या काचेतून वेली आत शिरल्या होत्या.

"नाव काय तुझं, पोरी?"

"रश्मी."

"रश्मी, पाय नोको झाडू. वेल अजून गुंडाळते. माह्याकडं पाह्य."

मुलगी हुंदके देत होती, पण स्थिर राहिली. धुरपतानं डोंग्यातल्या विळ्यानं पट्टा कापला, मग पाण्यात हात घालून चाचपत एकेक वेल. तिला डोंग्यात ओढून काठावर सोडलं आणि तशीच साहेबांसाठी परत गेली.

पुढचे दोन दिवस मात्र धुरपता बोडीकडे फिरकली नाही. शिंगाडे काढायचे राहिले होते, तरी घरातलंच काही ना काही काम काढत राहिली. तिसऱ्या दिवशी झिंगू लंगडत सोबत आला, काठावर बसून राहिला. ती डोंगा घेऊन पाण्यात उतरली.

दीड महिन्यानं रश्मी घरी आली. उकडलेले शिंगाडे सोलता सोलता म्हणाली, "काकू, सोमवारी पुन्हा उडायचंय. दुसरे साहेब सोबत असतील. पण रात्रीची झोप लागत नाही."

"मले बी भेव लागलं होतं," धुरपता म्हणाली. "हे काठावर बसले, मंग गेली मी."

सोमवारी विमानाचा आवाज आला. धुरपतानं बांबू गाळात रोवला, कपाळावर हात धरून वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं. विमान झाडांवरून सरळ आलं आणि धावपट्टीवर अलगद टेकलं.

"उतरली वो!" ती काठावरच्या झिंगूला ओरडून म्हणाली.