काळ्या चौकटीची बातमी

अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टच्या चौकात लाल विटांची ती इमारत आजही उभी आहे. आमचे जर्मन वर्तमानपत्र तिथेच छापले जाई आणि गावातले कोणी गेले की काळ्या चौकटीतली त्याची बातमी दर्शनी काचेवर लागे. ती वाचायला सारा मोहल्ला लोटे. आमच्यात तोच पहिला शोक.

हेडविगकाकू ओस्टरकांपने तिथल्या छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांना जन्मभर पाव भाजून घातला. जर्मनीविरुद्धच्या पहिल्या महायुद्धात तिचा लेक लोरेन्झ अमेरिकेच्याच गणवेशात फ्रान्सच्या मातीत पडला. त्याची चौकट काचेवर लागताच देशभक्त समितीचा हार्लन धावून आला.

"शत्रूची भाषा इथे चालायची नाही, म्हातारे!"

"आणि शत्रूच्या भाषेत अंगाई ऐकलेला पोरगा बरा चालला रे तुला, मेल्या!"

हार्लनने कागद टरकावला. धिक्कार असो त्या हातांचा! काकू त्या रिकाम्या काचेला पाठ लावून उभी राहिली आणि लेकाचे नाव, वय, मरणाचे ठिकाण खड्या जर्मनमध्ये सांगू लागली. चारचौघांत जर्मन बोलायला बंदी होती, तुरुंगाचे भय होते, तरी आम्ही माणसे जागची हललो नाही. हार्लन ओरडत राहिला. ती थांबली नाही. सांगून संपल्यावरच ती त्याच्याकडे वळली.

"कागद फाडलास. आता मला फाड."