हवा आयी का?

माझा दोस्त महेबूब पिंजारी गेला, हे मला गोरेगावच्या बाजारात कळलं. सांगणाऱ्यालाच मी दरडावलं, "खोटं बोलू नकोस!" महिना होत आला, पण मला अजून ते पटलेलं न्हाई. मला काही पटवायचं तर महेबूबच लागायचा...

निजामाचं राज होतं तेव्हाची गोष्ट. मेंढरं राखता राखता माझ्या आतड्याला पीळ बसला. महेबूबनं हातातला कापूस तसाच टाकला, मला बैलगाडीत घातलं आणि लांबच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. पोट फाडून पीळ सोडवला, सडका तुकडा कापून आतडं शिवलं आणि मी जगलो! वाटलं, आता काय होतंय मला?

डॉक्टर हैदराबादकडचे, त्यांना मराठी येत नव्हती. सकाळी येऊन विचारायचे, "हवा आयी?" माझी खाट खिडकीशी. मी म्हणायचो, "बराबर आयी साहेब, लई गार!" साहेब खूश. त्यांनी दूध पाजायला सांगितलं.

महेबूब पेला घेऊन आला. माझं पोट नगाऱ्यासारखं तट्ट, उचकी थांबेना. पण सांगतो कोण? कुरकुरणं आमच्या खानदानात न्हाई. पेला ओठाशी आणून तो थबकला.

"मेंढक्या, खरं सांग, हवा आली का?"

"आली की. खिडकी उघडी हाय, दिसत न्हाई का तुला?"

"खिडकीची न्हाई रे गाढवा, पोटातली! ती सुटल्याबिगर दूध चालत न्हाई. पादलास का?"

आजूबाजूच्या साऱ्या खाटा हसल्या. मी तोंड फिरवून म्हणालो, "न्हाई... अन् असलं कुणी साहेबाला सांगतं काय?"

हसता हसता महेबूबचा चेहराच उतरला. पेला ठेवून तो पळाला आणि डॉक्टरांना हाताला धरून घेऊन आला. "साब, ये खिडकी की हवा बोल रा! पेट की नै!"

डॉक्टरांनी पोट दाबलं, नाडी धरली. ते हसले न्हाईत. दूध बंद झालं, नाकातून नळी गेली, दुपारी टाके पुन्हा उसवले. आतली शिवण पाझरून राहिली होती. अजून उशीर झाला असता तर विष अंगभर गेलं असतं.

त्यानंतर आम्ही दोघं वाट बघत बसलो. आणि एका सकाळी ती आली! चांगली वाजत आली! महेबूब खाटांमधून नाचत सुटला, "आयी! आयी!" डॉक्टरांनाही त्यानं मिठी मारली.

मग जन्मभर, माझ्या दारावरून जाताना, बायामाणसं असोत की पाव्हणे, तो रस्त्यातून ओरडायचा, "मेंढक्या, हवा आयी का?" मी आतून शिव्या घालायचो. खरं उत्तर कधी दिलं न्हाई.

परवा सकाळी अंगणात उभा राहिलो आणि रिकाम्या रस्त्याकडं तोंड करून जोरात ओरडलो, "आली रे महेबूबा, आली!"

सून दारात येऊन बघून राहिली. बघू दे.